डाएट नोट कशी लिहावी: फॉर्म शेवटी, पोषणनिदान आधी

प्रश्न थोडक्यात असा: दीडशे-दोनशे खाटांचं रुग्णालय, तीन आहारतज्ज्ञ, आणि केस पेपरवर आजवर ‘हाय प्रोटीन सॉफ्ट डाएट’ किंवा ‘डायबेटिक डाएट, लो सॉल्ट’ एवढीच नोंद. आता एनएबीएचच्या (रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) तपासणीची तयारी सुरू आहे आणि व्यवस्थापनाला ‘न्यूट्रिशन केअर प्रोसेस’प्रमाणे नोंदी हव्या आहेत. फॉर्म कुठला घ्यायचा, सुरुवात कुठून करायची, आणि एवढं लिहीत बसलं तर रुग्ण कधी बघायचे?

फॉर्म शेवटी घ्या. आधी विभागातल्या तिघींनी पोषणनिदानाचं एक वाक्य नीट लिहायला शिकायचं, मग फॉर्म त्या वाक्याभोवती आपसूक आकार घेतो. उलट्या क्रमाने गेलेल्या विभागांत गुळगुळीत कागदावर छापलेला चार पानी फॉर्म असतो, त्यात उंची, वजन, हिमोग्लोबिन, ‘व्हेज की नॉनव्हेज’ सगळं भरलेलं असतं, आणि शेवटच्या रकान्यात पुन्हा ‘हाय प्रोटीन सॉफ्ट डाएट’च लिहिलेलं असतं. माहिती गोळा झाली, तिचं पुढे काहीच झालं नाही.

एनएबीएचबद्दलचा एक गैरसमज आधी दूर करू. त्यांना हवी असते दाखल रुग्णाची पोषणविषयक चाळणी, जोखमीतल्या रुग्णाचं मूल्यमापन आणि पोषणोपचाराची लेखी नोंद. ती अमुक एका अमेरिकी चौकटीतच हवी असं त्यांचं म्हणणं नाही. ब्रिटिश डायटेटिक असोसिएशनचीही स्वतःची अशीच पद्धत आहे. तरीही न्यूट्रिशन केअर प्रोसेस घ्यावी असं मी म्हणेन, कारण शिकवण्याचं साहित्य तिच्यावर सर्वांत जास्त आहे आणि नव्या मुली ती कॉलेजातून थोडीफार शिकून येतात. अमेरिकन डायटेटिक असोसिएशनने (२०१२ पासून तिचं नाव अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स) २००३ मध्ये ती स्वीकारली. पायऱ्या चारच: मूल्यमापन, पोषणनिदान, उपाययोजना, पाठपुरावा आणि परिणाममापन. याच क्रमाने लिहिलेल्या नोंदीला आपल्याकडे सर्रास ‘एडाइम नोट’ म्हणतात. चाळणी या चार पायऱ्यांच्या बाहेर, दारातच होते. ती आहारतज्ज्ञाने करायची नसते, आणि तिथेच पहिली गडबड होते.

दोनशे खाटांसाठी तीन आहारतज्ज्ञ प्रत्येक नव्या रुग्णाची चाळणी करायला गेल्या तर दिवस त्यातच संपेल. चाळणी दाखल करून घेणाऱ्या सिस्टरनी २४ तासांच्या आत करावी. त्यासाठी साधन दोन प्रश्नांचं हवं. मोठ्यांसाठी एमएसटी (मालन्यूट्रिशन स्क्रीनिंग टूल) पुरे: वजन न ठरवता घटलंय का, किती, आणि भूक मंदावल्यामुळे खाणं कमी झालंय का. दोन किंवा जास्त गुण आले की आहारतज्ज्ञाला निरोप. एनआरएस २००२ उत्तम साधन आहे, पण त्यात आजाराची तीव्रता ठरवावी लागते आणि रात्रपाळीच्या सिस्टरना ते जमवायला लावलं की सगळ्यांना शून्य मिळायला लागतं. लहान मुलांसाठी स्ट्राँगकिड्स घ्या. अतिदक्षता विभागात ४८ तासांहून जास्त राहिलेला प्रत्येक रुग्ण जोखमीचा धरून चाला, तिथे चाळणीचा कागद भरत बसण्यात अर्थ नाही. एका वॉर्डात एकच साधन. दोन साधनं ठेवली की दोन उत्तरं येतात आणि सिस्टर दोन्ही भरणं सोडतात.

एमएसटी आपल्याकडे वापरताना एक अडचण हमखास येते. ‘वजन घटलं का’ याला ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं तर साधनानुसार दोन गुण द्यायचे असतात, म्हणजे तेवढ्यावरच रुग्ण जोखमीत जातो. ग्रामीण भागातून आलेल्या वॉर्डात निम्म्या लोकांनी वर्षभरात काट्यावर पाय ठेवलेला नसतो, त्यामुळे याद्या फुगतात आणि मग कुणीतरी ‘माहीत नाही’ला शून्य द्यायची पळवाट काढतं. तसं करू नका, साधनाची वैधताच जाते. प्रश्न मात्र नीट विचारा. पट्ट्याचं भोक आत गेलं का, ब्लाऊज ढिलं झालं का, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात का, गेल्या दिवाळीच्या कपड्यांत आणि आता काय फरक. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण यावर ठाम उत्तर देतात. हे प्रश्न चाळणीच्या कागदावर मराठीत छापून टाका, सिस्टरच्या मर्जीवर सोडू नका. आणि सात दिवसांहून जास्त राहिलेल्या रुग्णाची चाळणी दर आठवड्याला पुन्हा. दाखल होताना धडधाकट असलेला माणूस तीन वेळा एनबीएम (तोंडाने काहीही न देणं) होऊन दहाव्या दिवशी कुपोषित असू शकतो.

मूल्यमापनात काय काय विचारायचं हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून जिथे नोंदी फसतात तेवढंच सांगते. वजनापुढे ‘मोजलेलं’ की ‘सांगितलेलं’ हे लिहायलाच हवं, आणि सूज किंवा जलोदर असेल तर तेही. जलोदराच्या रुग्णाचं वजन चार दिवसांत तीन किलोने उतरलं तर ते पाणी गेलेलं असतं. नोंदीत सूज लिहिलेली नसेल तर पुढच्या पाळीची आहारतज्ज्ञ ते कुपोषण समजते. उभं राहता न येणाऱ्याची उंची कोपर ते मनगट या हाडाच्या लांबीवरून काढता येते, त्याचा तक्ता ‘मस्ट’ या चाळणीच्या साधनासोबत मिळतो. वजन घेणंच शक्य नसेल तर दंडाचा घेर घ्या. प्रौढात तो २३.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर बीएमआय २० च्या खाली असण्याची शक्यता मोठी.

आहाराची चौकशी करताना मापं ठरवून घ्या. विभागात एकच वाटी (१५० मिली), एकच पेला, एकच चमचा, आणि पोळीसाठी फुलका व घडीची पोळी वेगळी. घडीची पोळी साधारण ३५-४० ग्रॅम पिठाची असते, फुलका २०-२५ ग्रॅमचा, आणि भाकरी घरागणिक ६० पासून ८०-१०० ग्रॅमपर्यंत जाते. ‘दोन भाकऱ्या’ या दोन शब्दांत दोनशे किलोकॅलरींचा फरक दडलेला असतो. तेल ‘मध्यमच वापरतो’ असं प्रत्येक जण सांगतो. त्याऐवजी महिन्याला किती आणता ते विचारा. पाच लिटरचा कॅन चार माणसांत महिनाभर पुरत असेल तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जातं. चौकशीचा दिवस उपवासाचा होता का, हा प्रश्न कधीच गाळू नका. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, रोजे: मधुमेहाच्या रुग्णाने काल साबुदाण्याची खिचडी आणि रताळं खाल्लेलं असताना त्यावरून आठवड्याचं कर्बोदक काढलं तर सगळी योजना चुकते. पोषकमूल्यांसाठी २०१७ चे भारतीय अन्नघटक तक्ते, निरोगी माणसाच्या गरजांसाठी आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशी. आजारी माणसाला मात्र त्या आजाराच्या मार्गदर्शक तत्त्वांतले आकडे लावायचे, निरोगी माणसाचे नाहीत.

आणि अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन. ‘अल्ब्युमिन २.४, म्हणून कुपोषण, म्हणून हाय प्रोटीन’ ही साखळी आपल्या रुग्णालयांत इतकी पक्की आहे की डॉक्टरच तसा कॉल देतात. अल्ब्युमिन दाह, संसर्ग, यकृत आणि पाणी यांनी खाली येतं. ते आजाराची तीव्रता सांगतं, पोषणाची स्थिती सांगत नाही. अंडी देऊन ते आठवड्यात वर येत नाही, आणि आलं तर संसर्ग आटोक्यात आला म्हणून येतं. डॉक्टरांशी यावरून वाद घालू नका. नोंदीत अल्ब्युमिन लिहा, शेजारी सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) लिहा, आणि निदानाचा पुरावा म्हणून ते वापरू नका.

आता मूळ गोष्ट. पोषणनिदानाच्या वाक्याला तीन भाग असतात: समस्या, तिचं कारण, आणि पुरावा. यालाच पीईएस वाक्य म्हणतात. समस्यांची यादी ठरलेली आहे आणि ती तीन गटांत मोडते: सेवनाशी संबंधित, शारीरिक-वैद्यकीय, आणि वर्तन व परिसराशी संबंधित. वाक्याची खरी कसोटी ते लिहून झाल्यावर लागते. उपाययोजना कारणावर बेतलेली असायला हवी आणि पाठपुरावा पुराव्यातल्याच आकड्यांचा व्हायला हवा. हे दोन दुवे जुळत नसतील तर बाकी नोंद कितीही भरगच्च असली तरी तिचा उपयोग नाही.

एक पूर्ण नोंद उदाहरणादाखल देते. रुग्ण कल्पित आहे, पण असे रुग्ण महाराष्ट्रातल्या कुठल्याही कर्करोग वॉर्डात भेटतील.

मूल्यमापन: पुरुष, ५४. गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली, किरणोपचाराचा चौथा आठवडा. उंची १६५ सेंमी, वजन ४६ किलो (दोन्ही मोजलेली, सूज नाही). दोन महिन्यांपूर्वी ५२ किलो (किरणोपचाराच्या कार्डावरून). घट ११.५ टक्के, बीएमआय १६.९. कानशिलं खोल गेलेली, गळ्याखालचं हाड वर आलेलं. एमएसटी ३. गेले दहा दिवस आहार जवळपास सारखाच: दुधाचा चहा २ कप, बुडवून ४ बिस्किटं, तांदळाची पातळ पेज २ वाट्या, मऊ वरणभात अर्धी-पाऊण वाटी तूप घालून, दूध १ पेला साखर घालून. एकूण सुमारे ६८० किलोकॅलरी, १८ ग्रॅम प्रथिनं. गरज १४०० किलोकॅलरी (३० प्रति किलो), ६० ग्रॅम प्रथिनं (१.३ प्रति किलो). गिळताना वेदना १० पैकी ७. उपवासाचा दिवस नाही. जेवण घरच्या डब्यातून.

पोषणनिदान १: तोंडावाटे आहार अपुरा, कारण, किरणोपचाराने तोंड आतून सोलल्यामुळे गिळताना होणारी वेदना, पुरावा, दहा दिवस गरजेच्या ४९ टक्के ऊर्जा आणि ३० टक्के प्रथिनं, वेदना ७/१०.

पोषणनिदान २: तीव्र कुपोषण, कारण, कर्करोग आणि लांबलेलं अपुरं सेवन, पुरावा, दोन महिन्यांत ११.५ टक्के वजनघट, बीएमआय १६.९, स्नायू झिजल्याच्या खुणा.

उपाययोजना: (अ) वेदनाशामक आणि बधिर करणारं माउथवॉश जेवणाआधी अर्धा तास, ड्यूटी डॉक्टरांशी बोलणं झालं, ऑर्डर लिहिली. (आ) खाणं कोमट, मऊसूत, तिखट-आंबट वर्ज्य. प्रत्येक २०० मिली दुधात १५ ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर (सुमारे ५ ग्रॅम प्रथिनं वाढतात). (इ) निम्म्याहून कमी सेवन आठवड्यापेक्षा जास्त काळ, म्हणून राइल्स ट्यूबचा (नाकातून पोटात जाणारी नळी, आरटी) प्रस्ताव आजच. (ई) रीफीडिंगची जोखीम (बरेच दिवस कमी खाल्लेल्याला एकदम भरपूर अन्न दिल्यावर रक्तातले क्षार घसरणं): फीड सुरू करण्याआधी थायामिन १०० मिग्रॅ, आणि फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियमची तपासणी. तोंडाने आणि नळीने मिळून पहिला दिवस ७०० किलोकॅलरी, दुसरा-तिसरा ११००, पुढे १४००.

पाठपुरावा: रोज सेवन तक्ता आणि वेदनेचा गुण, क्षार पहिले तीन दिवस दर १२ तासांनी, वजन आठवड्यातून दोनदा. क्षार झपाट्याने घसरले तर ऊर्जा निम्मी करून डॉक्टरांना कळवणं. पुढची भेट तीन दिवसांनी.

यातली उपाययोजनेची पहिली ओळ पाहा. त्या माणसाला काय खायचं हे सांगणं गौण आहे. त्याला वेदना आहे, म्हणून तो खात नाही. कारण ‘भूक नाही’ असं लिहिलं असतं तर योजना ‘थोडं थोडं वारंवार खा’ अशी निघाली असती आणि त्याने ती पाळली नसती. रीफीडिंगची ओळही सुटता कामा नये. दहा टक्क्यांहून जास्त वजनघट आणि १६.९ बीएमआय असलेल्या माणसाला उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी १४०० चं आरटी फीड लावलं तर फॉस्फरस कोसळू शकतो, आणि तो मोजलेलाच नसेल तर कुणाला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे फॉस्फरस आणि मॅग्नेशियम नेहमीच्या तपासण्यांच्या पॅकेजात बहुधा नसतात, ते वेगळे मागावे लागतात. कुपोषणाचं दुसरं वाक्य लिहिण्यामागे व्यवहार आहे: डिस्चार्ज समरीत निदान म्हणून जातं ते हेच. त्यासाठी २०१९ चे ‘ग्लिम’ निकष वापरा. आशियाई लोकांसाठी त्यात कमी बीएमआयची मर्यादा सत्तरीखाली १८.५ आणि सत्तरीनंतर २० आहे, पाश्चात्त्यांची २० आणि २२ उचलू नका. या रुग्णाला ‘तीव्र’ ठरवलं आहे ते सहा महिन्यांच्या आत दहा टक्क्यांवर गेलेल्या घटीवरून.

तीन दिवसांनंतरची नोंद एवढीच पुरे: ‘निदान १ चालू, सुधारणा. सेवन १०८० किलोकॅलरी (७७ टक्के), प्रथिनं ४२ ग्रॅम (७० टक्के), वेदना ४/१०. फॉस्फरस २.९, पोटॅशियम ३.८, मॅग्नेशियम १.९. वजन ४६.२. फीड १४०० पर्यंत वाढवलं. पुढची भेट सोमवारी.’ पाच-सहा ओळी. ‘लिहीत बसलो तर रुग्ण कधी बघायचे’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: पहिली नोंद लांबते, पण पुढच्या नोंदी आजच्यापेक्षा छोट्या होतात, कारण काय मोजायचं ते ठरलेलं असतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे वेळ जास्त जाईल, हे व्यवस्थापनाला आधीच सांगून ठेवा आणि त्या काळात ओपीडीच्या वेळा थोड्या सैल करून घ्या.

चुका कुठे होतात ते आता सांगते, कारण ऑडिटमध्ये त्याच त्या दिसतात. समस्येच्या जागी वैद्यकीय निदान लिहिणं ही सर्वांत मोठी. ‘मधुमेह’ ही समस्या आहारतज्ज्ञाच्या कक्षेतली नाही. ‘कर्बोदकांचं सेवन दिवसभरात असमान’ ही आहे. पुराव्यात न मोजता येणारं काही टाकणं ही दुसरी: ‘पेशंट नीट खात नाही’ याचा पाठपुरावा कसा करणार? एका रुग्णाला पाच-सहा निदानं चिकटवणं ही तिसरी. एक किंवा दोन, फार तर तीन. सेवनाशी संबंधित आणि शारीरिक अशा दोन्ही समस्या बसत असतील तर सेवनाची आधी घ्या, तिच्यावर आपण थेट काम करू शकतो. आणि ‘सध्या पोषणसमस्या नाही’ हे यादीतलं अधिकृत निदान आहे, ते लिहायला लाजू नका. प्रत्येक फाइलीत काहीतरी सापडलंच पाहिजे या हट्टापायी बनवलेली निदानं लगेच ओळखू येतात.

सर्वांत जास्त त्रास देणारं निदान मात्र ‘आहारविषयक ज्ञानाचा अभाव’ हे आहे. मधुमेह, किडनी, बीपी, काहीही असो, घाईत हेच लिहिलं जातं, कारण त्यावरची योजना सोपी असते: तक्ता समजावून सांगितला, सही घेतली, संपलं. तिसऱ्यांदा दाखल झालेल्या माणसाच्या खिशात तुमच्याच विभागाचा जुना तक्ता घडी करून ठेवलेला असतो. त्याला साखर काय आणि भात किती हे पाठ आहे. तो रात्रपाळीचा वॉचमन असतो, रात्री दोनला गेटसमोर वडापाव आणि चहा एवढंच मिळतं, आणि सकाळी घरी येऊन तो गोळी घेऊन उपाशी झोपतो. त्याचं कारण परिसराशी आणि कामाच्या वेळेशी जोडलेलं आहे. योजना म्हणजे रात्रीचा डबा, त्यात काय टिकेल, आणि गोळीची वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं. तसंच, पुरुष रुग्णाला समोर बसवून तासभर समजावलं आणि स्वयंपाक सून करते, ती डिस्चार्जच्या दिवशी रिक्षा आणायला गेली होती, असंही होतं. म्हणून नोंदीत ‘शिक्षण कुणाला दिलं’ आणि ‘घरी स्वयंपाक कोण करतं’ हे दोन रकाने ठेवाच. डायलिसिसच्या रुग्णात पोटॅशियम ६ च्या वर गेलं की ‘ज्ञानाचा अभाव’ लिहिण्याआधी भेटायला आलेल्यांनी काय आणलं ते विचारा. शहाळं आपुलकीने आणलेलं असतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

नोंदी सुधारल्या आणि किचन तसंच राहिलं तर पुढे गाडी अडते. ‘सॉफ्ट डाएट’ म्हणजे सर्जिकल वॉर्डात खिमट, मेडिसिनमध्ये पोळी सोडून सगळं, आणि किचनमध्ये ‘तिखट कमी’. विभागाची स्वतःची डाएट यादी एका पानावर करा: प्रत्येक डाएटचं नाव, काय देतात, काय देत नाहीत, दिवसाची अंदाजे ऊर्जा आणि प्रथिनं. नोंदीत आणि किचनच्या शीटवर तेच नाव. गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णांसाठी आंतरराष्ट्रीय आयडीडीएसआय पातळ्या घ्या, ० ते ७. पातळ पदार्थाची पातळी १० मिलीच्या सिरिंजने तपासतात: नोझल बोटाने बंद करून १० मिली भरायचं, बोट काढून १० सेकंद वाहू द्यायचं, मग बंद करून किती उरलं ते पाहायचं. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी ०, १ ते ४ तर १, ४ ते ८ तर २, ८ च्या वर उरलं तर ३. काहीच वाहिलं नाही तर ४. इथे दोन गोष्टी चुकतात. ही चाचणी ज्या सिरिंजवर बेतली आहे तिच्यात ० ते १० मिली या खुणांतलं अंतर ६१.५ मिलिमीटर असतं. बाजारातली दुसऱ्या मापाची सिरिंज घेतली तर उत्तर बदलतं, म्हणून पट्टी लावून पाहा. दुसरं, पेज आणि कांजी थंड होताना घट्ट होतात. किचनमध्ये पातळी २ असलेली पेज ट्रॉलीवरून चौथ्या मजल्यावर जाईपर्यंत ३ होऊन बसते. चाचणी रुग्णाच्या खाटेपाशी, त्याला मिळेल त्या तापमानाला करायची.

घरच्या डब्याचं काय, हा प्रश्न येतोच. बंदी घालून तो थांबत नाही. सेवन तक्त्यात ‘किचनचं’ आणि ‘घरचं’ असे दोन रकाने ठेवा आणि तक्ता भरायला वॉर्डातल्या मावशींना शिकवा: ताट परत नेताना पूर्ण, पाऊण, अर्धं, पाव, शून्य. पाच चित्रं असली की अक्षरओळखही लागत नाही. पुराव्यातले टक्के शेवटी इथूनच येतात.

सुरुवात एकाच वॉर्डात करा, आणि तो निवडताना जिथले डॉक्टर तुमच्या नोंदी वाचतात तो घ्या. पहिला आठवडा काही बदलू नका. जुन्या डिस्चार्ज फाइली काढून त्यातल्या डाएट नोट्स तिघींनी मिळून वाचा आणि प्रत्येकीचं पीईएस वाक्य आता लिहायचं झालं तर काय झालं असतं ते लिहा. एकाच रुग्णावर तीन वेगळी निदानं येतील. त्यावरची भांडणं हेच प्रशिक्षण. मग यादीतून तुमच्या रुग्णालयात रोज लागणारी वीस-पंचवीस निदानं निवडून एका कार्डावर छापा. संपूर्ण यादी हातात दिली की माणूस गोंधळतो आणि ‘ज्ञानाचा अभाव’कडे वळतो. महिन्याला दहा फाइली चिठ्ठ्या टाकून काढा आणि दोघींनी स्वतंत्रपणे तपासा: समस्या यादीतली आहे का, पुरावा मोजता येतो का, योजना कारणावर आहे का, पाठपुराव्यात तेच आकडे परत आले का. दोघींचे गुण जुळेपर्यंत दुसरा वॉर्ड घेऊ नका. पहिल्या महिन्यांत दुवे तुटलेले निघतील, विशेषतः चौथा, म्हणजे पाठपुराव्याचा, कारण रुग्ण पुन्हा भेटायच्या आत घरी गेलेला असतो. त्यासाठी डिस्चार्जच्या यादीत आहारतज्ज्ञाची सही हवी अशी व्यवस्था रुग्णालयाकडून मागून घ्या.

डॉक्टर चार पानं वाचत नाहीत. राउंडच्या वेळी डोळा जातो तिथे पोषणनिदान आणि आजची विनंती एवढ्या दोन ओळी आल्या पाहिजेत, बाकी खाली. ‘एनडी’, ‘एसडी’, ‘एफडी’ असली संक्षेपं बंद करा. एकाला नॉर्मल डाएट वाटतो तो दुसऱ्याला नो डाएट. नोंद इंग्रजीत ठेवा, कारण ती वाचणारे सगळे तीच भाषा लिहितात. रुग्णाला द्यायचा कागद मात्र मराठीत, वाटी-चमच्याच्या मापात, ग्रॅमशिवाय. प्रत्येक नोंदीखाली तारीख, वेळ, पूर्ण नाव, आरडी (नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) असाल तर क्रमांक. चूक झाली तर एक सरळ रेघ मारून सही, व्हाइटनर नाही.

सॉफ्टवेअरबद्दल शेवटी, कारण विक्रेता सर्वांत आधी तोच विषय काढेल. समस्यांची प्रमाणित शब्दावली अमेरिकी अकॅडमीच्या मालकीची आहे आणि ती ईएनसीपीटी या नावाने वर्गणी भरून मिळते. विक्रेत्याने ती इंटरनेटवरच्या कुठल्यातरी पीडीएफमधून उचलून ड्रॉपडाउनमध्ये घातली तर परवान्याचा प्रश्न रुग्णालयाच्या गळ्यात पडतो. करार करताना हे लेखी विचारा. स्नोमेड सीटी या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शब्दावलीचं मात्र भारत सदस्य आहे, त्यामुळे देशात वापरायला शुल्क नाही, आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्येच आहे. ड्रॉपडाउन समस्येपुरता ठेवा. कारण आणि पुरावा हाताने टाइप करायला लावा. तिन्ही ठिकाणी ड्रॉपडाउन दिला की पंधरा दिवसांत सगळ्या रुग्णांची वाक्यं सारखी होतात. ‘मागची नोंद कॉपी करा’ हे बटण तर बंदच करून घ्या, नाहीतर चार दिवसांपूर्वी काढलेली राइल्स ट्यूब नोंदीत अजून चालू दिसेल.